गाडी ओढताना बघणारे

माझं नोकरीचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या दारात उभं राहण्यात गेलं. कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत मी विशेष वसुली व विक्री अधिकारी होतो. हुद्दा भारदस्त, काम एकच, थकबाकीदाराला गाठायचं. पिशवीत सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, नियम १०७ ची मागणी नोटीस, आणि तोंडात जमेल तेवढा गोडवा. त्यामुळं मी निवृत्त झाल्यावर आमच्या मेहुण्यांनी टीव्हीला मोबाईल जोडून मला अमेरिकेतले गाड्या ओढून नेण्याचे कार्यक्रम दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या मनात माझी करमणूक व्हावी एवढंच होतं. ‘दाजी, तुमच्याच लायनीतलं हाय. बघा तर खरं.’

बघितलं. रात्रीची वेळ, हप्ते थकलेल्या माणसाचं घर, दाराशी त्याची गाडी. टोइंगचा ट्रक मागं मागं येतो, आकडा लागतो, पुढची चाकं उचलली जातात. तेवढ्यात बनियनवरचा मालक बॅट घेऊन धावत येतो. मागून बायको ओरडत येते. धक्काबुक्की, शिव्यांच्या जागी ‘पीं पीं’, आणि शेवटी गाडी निघून जाते, मालक रस्त्यात उभा. ‘ऑपरेशन रेपो’ नावाचा असा कार्यक्रम अमेरिकेत ट्रूटीव्ही या वाहिनीवर काही वर्षं चालला. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातली एक टोळी त्यात गाड्या ओढायची. २०११ मध्ये त्याच वाहिनीवर ‘लिझर्ड लिक टोइंग’ आला, नॉर्थ कॅरोलिनातला. त्यातला मालक गाडी ओढता ओढता गावठी म्हणी ऐकवतो. इंग्लंडमध्ये चॅनल फाइव्हनं २०१४ पासून कोर्टाच्या हुकमावर वसुलीला जाणाऱ्यांच्या मागं कॅमेरे लावले. म्हणजे ही आवड एका देशाची नाही. आपल्याकडं वाहिनीवर असं काही माझ्या बघण्यात आलेलं नाही, पण आलं तर आमच्या पेठेत गणपतीच्या मांडवात पडदा लावून बघतील याबद्दल मला शंका नाही.

या कार्यक्रमांतला एक विनोद बहुतेक बघणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेतल्या कायद्यानं हप्ता थकला की सावकार कोर्टात न जाता गाडी उचलून नेऊ शकतो, पण एका अटीवर: शांततेचा भंग होता कामा नये. मालक समोर येऊन ठाम नको म्हणाला की मागं फिरायचं. म्हणजे तिथला चांगला वसुलीवाला तो, जो पहाटे येतो, मिनिटभरात गाडी घेऊन जातो आणि कुत्रंही भुंकत नाही. पण हे दाखवलं तर बघणार कोण? म्हणून ‘ऑपरेशन रेपो’वाले आधीच पाटी लावायचे की गोष्टी खऱ्या घटनांवर बेतलेल्या आहेत, नावं बदलली आहेत. सरळ सांगायचं तर नट घेऊन भांडण बसवलेलं. कायदा ज्याला मनाई करतो तेच विकायचं, आणि ते खऱ्यात मिळत नाही म्हणून खोटं करायचं.

मेहुणे हे बघताना मांडीवर थाप मारतात. माणूस वाईट नाही. गल्लीत कुणाला रक्त लागलं तर रात्री दोनला सीपीआर रुग्णालयात पळणारा. पण स्वतःच्या डोक्यावर घराचा हप्ता, चारचाकीचा हप्ता, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या कर्जाचा हप्ता. मी बघत आलोय, या कार्यक्रमांत सगळ्यांत जास्त रमतो तो हप्तेवालाच. ज्याच्यावर कर्ज नाही त्याला पाच मिनिटांत कंटाळा येतो. मी एकदा म्हटलं, अहो, तुम्हाला त्या माणसाची कीव येत नाही? तर म्हणाले, ‘त्येनं हप्ता भरायला नको व्हय? आम्ही भरतोयच की पोटाला चिमटा काढून.’

हे उत्तर मला वरवरचं वाटत नाही. लोक क्रूर असतात म्हणून बघतात, असं म्हणणं सोपं आहे आणि माझ्या अनुभवाला ते पटत नाही. त्यांना हवा असतो तो हिशेब जुळलेला बघायला. कर्माचा सिद्धान्त आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याची अडचण अशी की फळ दिसत नाही. दर महिन्याला पाच तारखेला खात्यात पैसे ठेवणाऱ्याला कुणी हार घालत नाही. उलट कर्ज बुडवलेला मोठा माणूस पुढच्या निवडणुकीला पांढरेशुभ्र कपडे घालून उभा. मग प्रामाणिकपणे भरणाऱ्यानं विश्वास ठेवायचा कशावर? या कार्यक्रमात अर्ध्या तासात चुकणाऱ्याला शिक्षा होते, तीही डोळ्यांदेखत. पुढच्या जन्मापर्यंत थांबावं लागत नाही. फक्त तिथं न्याय होतो तो ओढून नेता येईल त्याच वस्तूपुरता. गोदामं, कारखाने आणि संचालक मंडळं यांना टोइंगचा आकडा बसत नाही, म्हणून ती कधी पडद्यावर येत नाहीत.

इथपर्यंत मी मेहुण्यांच्या बाजूनं आहे. पुढं माझी वाट वेगळी होते, आणि त्याला पतंजली कारण आहे. समाधिपादातल्या तेहतिसाव्या सूत्रात चित्त स्वच्छ राहावं म्हणून चार माणसांशी चार तऱ्हांनी वागायला सांगितलं आहे. सुखी असेल त्याच्याशी मैत्री, दुःखी असेल त्याच्याविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता, आणि ज्याचं वागणं अपुण्याचं आहे त्याची उपेक्षा. मला हे सूत्र वसुलीच्या रजिस्टरइतकंच उपयोगी पडलं. कारण दारात उभा असलेला माणूस कुठल्या रकान्यात घालायचा, हाच आमच्या धंद्यातला रोजचा प्रश्न. हे कार्यक्रम तो प्रश्न पहिल्या दहा सेकंदांत सोडवून टाकतात. माणूस पडद्यावर येतो तोच ओरडत. त्याची नोकरी गेली का, घरात आजारपण आहे का, जामीन कुणाला राहिला, काही कळत नाही. दुःखीच्या रकान्यातून त्याला उचलून अपुण्याच्या रकान्यात बसवलं की आपली करुणेची जबाबदारी संपली. पण मग पतंजलीनं तिथं सांगितली ती उपेक्षा. बघू नका, त्यात मन घालू नका, चित्त गढूळ होतं. चारही रकाने पुन्हा पुन्हा वाचा, ‘अपुण्यवानाकडं बघत खुर्चीत बसा आणि मांडीवर थाप मारा’ असा पाचवा रकाना सापडत नाही. कार्यक्रमाचा सगळा गल्ला मात्र त्या नसलेल्या रकान्यावर चालतो.

आणि खरा माणूस एका रकान्यात मावत नाही. उचगावचा एक टेम्पोवाला आठवतो. गांधीनगरातून कापडाचे गठ्ठे वाहायचा. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला, गांधीनगरचा माल हलेना. तिथून त्याचे हप्ते तुंबले. इथवर दुःखी. पण रस्ता सुरू झाल्यावर यानं टेम्पो निपाणीला सासरवाडीत नेऊन लपवला. सीमेपलीकडं आमचा दाखला चालवायचा म्हणजे आणखी कागद. मला मात्र शपथेवर सांगायचा की टेम्पो गॅरेजला आहे. मागच्या दारानं भाडी मारत होता आणि आम्हाला एक रुपया देत नव्हता. म्हणजे अपुण्यही झालं. शेवटी टेम्पो सापडला तेव्हा पंचनामा लिहायला बसलो. स्टेपनी एक, जॅक एक, ताडपत्री एक, दोर दोन. केबिनमध्ये डॅशबोर्डवर जोतिबाचा फोटो, त्याला वाडी रत्नागिरीहून आणलेला गुलाल चिकटलेला. नवी गाडी घेतली की पहिल्यांदा डोंगरावर न्यायची, बॉनेटवर गुलाल टाकायचा, चांगभलं म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. आर.सी.वर बोजा सावकाराचा आणि केबिनमध्ये ताबा देवाचा. तो मला म्हणाला, ‘साहेब, द्येव बी जप्त काय?’

त्याच्या विचारण्यात थट्टा नव्हती. गाडीसकट जे जे आहे ते आमचं, असं त्याला खरंच वाटलं होतं. मी पंचनाम्यात लिहिलं: देवाचा फोटो एक, कर्जदाराच्या ताब्यात दिला. तो फोटो काखेत घालून केएमटीच्या बसनं घरी गेला.

जप्तीला कुठंतरी थांबावं लागतं, हे कायद्यानं फार पूर्वी ओळखलं आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचा. अंगावरची लागतील तेवढी वस्त्रं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजानं बाईनं अंगावेगळा करायचा नाही तो दागिना, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं आणि पोटापुरती लागणारी जनावरं, यांना हात लावायचा नाही. त्याच संहितेत आहे की सूर्य मावळल्यावर जप्तीसाठी राहत्या घरात शिरायचं नाही. इंग्रजांचा कायदा, पण त्यात माणसाला माणूस म्हणून शिल्लक ठेवण्याची एक समज आहे. आता शेतकऱ्याचा बैल गेला आणि ट्रॅक्टर आला. बैलाला कलम ६० ची झूल होती, तारण दिलेल्या ट्रॅक्टरला ती नाही. आमच्या जिल्ह्यात ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घेतलेली पोरं बघा. कर्ज काढून ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, वर आणखी कर्ज काढून मुकादमाला ऊसतोड टोळीची उचल. हंगाम उभा राहतो, धुराडी पेटतात, आणि टोळी येतच नाही. मुकादमाचा फोन बंद. कारखान्याचा करार, फायनान्सचा हप्ता आणि बुडालेली उचल, तिन्ही याच्याच गळ्यात. दोन हंगामांत ट्रॅक्टर यार्डात. यातला अपुण्यवान नेमका कोण, हे कॅमेऱ्याला दहा सेकंदांत कसं कळावं?

यावर एक आक्षेप येतो आणि तो आमच्या मुलीनं घेतला. ती म्हणाली, बाबा, केशवराव भोसले नाट्यगृहात तुम्ही नाटक बघून डोळे पुसत होता, ते चालतं? ते पण दुसऱ्याचं दुःखच की. प्रश्न रास्त आहे. अभिनवगुप्तानं हजार वर्षांपूर्वी काश्मिरात याचं उत्तर दिलं: रंगमंचावरचं दुःख कुणा एकाचं राहत नाही, ते सगळ्यांचं होतं, म्हणून त्याचा रस होतो. नाटकातला बाप रडतो तेव्हा मी मला आणि माझ्या बापाला, दोघांनाही त्यात बघतो. गाडी ओढण्याच्या कार्यक्रमात मजा उलट्या दिशेनं येते. हे दुःख माझं नाही, त्या एकाचं आहे, या खात्रीतूनच ती येते. करुण रस सगळ्यांना एका ओळीत बसवतो, हा कार्यक्रम मला त्या माणसापासून उचलून वेगळा बसवतो.

मुलगी लगेच म्हणाली, पण तो नट होता ना! कुणाचंच काही गेलं नाही, मग पाप कुठलं? इथं मी थोडा वेळ अडकलो खरा. मग बुद्धाकडं गेलो. त्याच्या मते कर्म म्हणजे हातानं झालेली हालचाल नव्हे, त्यामागची चेतना, मनाचा संकल्प. बघणाऱ्याला तर ते खरं वाटत होतं, आणि खरं वाटत होतं म्हणूनच गोडी होती. नट संध्याकाळी मानधन घेऊन घरी गेला, पण मेहुण्यांच्या मनानं त्या रात्री एका खऱ्या माणसाची फजिती चाखली. आणि जिथं खरे लोक असतात तिथं काय होतं, तेही झालेलं आहे. चॅनल फाइव्हच्या कार्यक्रमात घराबाहेर काढलेल्या एका जोडप्यानं दावा लावला आणि २०१८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं खासगीपणाचा भंग झाला म्हणून दोघांना प्रत्येकी दहा हजार पौंड द्यायला लावले. वाहिनीनं बाजू मांडली होती की हे लोकांच्या हिताचं आहे. कोर्टाला घरातलं ते दुःख एवढ्या तपशिलानं दाखवण्याइतकं लोकहित त्यात दिसलं नाही.

कुणी म्हणेल, वसुली अधिकाऱ्याला हे बोलायचा अधिकार काय? आयुष्यभर हेच केलंस. तर माझं म्हणणं असं की वसुली हे पाप नाही. तुकोबांची गोष्ट आपण सगळे सांगतो, की घरची सावकारी होती आणि त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण परंपरा पुढं काय सांगते ते आपण घाईत विसरतो. त्यांनी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याच्या हातात दिला आणि फक्त स्वतःचा वाटा पाण्यात सोडला. दुसऱ्याच्या पैशावर उदार झाले नाहीत. आमच्या पतसंस्थेतला पैसा कपिलतीर्थ मंडईतल्या भाजीवालीच्या पिग्मीचा होता, निवृत्त मास्तरांच्या ठेवीचा होता. टेम्पोवाल्याचं कर्ज मी इंद्रायणीत सोडणार म्हणजे कुणाचं सोडणार? म्हणून गाडी आणली, आणि रात्री जेवलो, झोपलो. गीतेचा अर्थ मी पंडितांना विचारायला जात नाही, माझ्या कामापुरता मला कळला आहे: काम वाट्याला आलं ते करायचं, त्याच्या गोडीत अडकायचं नाही. टीव्हीसमोरच्या माणसाचं गणित बरोबर याच्या उलट पडतं. त्याच्या वाट्याला काम काहीच नाही, ना त्याचा पैसा अडकलाय, ना त्याला दारात उभं राहायचंय. त्याला नुसतं फळ चाखायचंय.

पूर्वी सगळं सोज्वळ होतं असं मी म्हणणार नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कर्ज वसूल करायचे पाच मार्ग दिले आहेत, समजुतीपासून कपटापर्यंत, आणि पाचवा उघड उघड बळाचा. मराठी मुलखात सावकार ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचे. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या पत्रांत या धरण्याचं वर्णन केलंय. बसणारा उपाशी, म्हणून आतलाही उपाशी. लाज काढायचाच प्रकार तो, त्याचं कौतुक नको. पण त्यात दोन गोष्टी होत्या ज्या पडद्यावर नाहीत. मागणारा स्वतःही उपास काढत होता. आणि भोवती जमलेली माणसं नुसतीच बघत नव्हती, चार शहाणे मध्ये पडायचे, मुदत ठरवून द्यायचे. कोल्हापुरात आजही भर चौकात भांडण लागलं तर चारजण बघायला आणि चाळीसजण मध्ये पडायला येतात, निदान आमच्या तालमीच्या भागात तरी. टीव्हीवर मध्ये पडताच येत नाही.

बघण्याचीही एक धर्माची रीत आहे आणि ती मी रोज वापरत होतो: पंच. जप्तीला पंच लागतात. पंच म्हणजेही बघणाराच. पण तो नाव-पत्ता देतो, पंचनामा वाचून खाली सही करतो, आणि उद्या कोर्टानं बोलावलं तर जाऊन जे बघितलं ते सांगायला बांधील असतो. वसुलीत मला गाडी शोधायला कधी त्रास झाला नाही एवढा पंच शोधायला झाला. गाडी ओढायची म्हटलं की गल्ली भरायची, बाल्कन्या भरायच्या. ‘कुणीतरी पंच म्हणून सही करा’ म्हटलं की एकाला दूध आणायचं असायचं, दुसऱ्याचा फोन वाजायचा. इतक्या जणांना बघायचं होतं, पण बघितलं म्हणून लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. टीव्हीनं अशांची कायमची सोय केली आहे.

आपल्याकडं तर हे बघणं नुसतं करमणुकीपुरतं राहावं अशी परिस्थितीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये एका वाहनकर्जाच्या प्रकरणात बँकेला बजावलं होतं की वसुली कायद्याच्या मार्गानं करा, गुंड पाठवून नव्हे. तरी २०२२ च्या सप्टेंबरात झारखंडमधल्या हजारीबागला ट्रॅक्टर ओढायला आलेल्यांच्या चाकाखाली शेतकऱ्याची गरोदर मुलगी गेली. त्याच्या महिनाभर आधीच रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला वसुलीचा फोनसुद्धा करायचा नाही. हजारीबागची बातमी मी मेहुण्यांना वाचून दाखवली. ते गप्प राहिले, पण त्या रात्री कार्यक्रम लावलाच. माझा उपदेश वाया गेला म्हणून मला वाईट वाटलं नाही. आवड अशी एका बातमीनं जात नाही.

पण परवा भाग संपल्यावर, गाडी आकड्याला लटकून निघून गेल्यावर, त्यांनी पहिल्यांदाच एक वेगळा प्रश्न केला. ‘दाजी, ह्येच्या पुढं काय होतंय हो?’

म्हटलं, ऐका. गाडी यार्डात जाते. उन्हापावसात उभी राहते, बॅटरी उतरते. यार्डाचं भाडं कर्जाच्या खात्यावर चढतं. मग नोटीस, मग लिलाव. बाजारात तीन लाख येईल ती गाडी लिलावात दोनात जाते. आलेली रक्कम कर्जात जमा होते. जास्त आली तर मालकाला परत द्यावी लागते, पण तसं मी फारसं बघितलं नाही. बहुतेकदा बाकी उरतेच. गाडी गेली तरी कर्ज जात नाही, व्याज चालू राहतं. मालकाकडं आता गाडीच नाही म्हणजे कमाई नाही. मग संस्था दुसरी नोटीस काढते, जामीनदाराला.

‘जामीनदार कोण असतोय?’

‘कागद बघितले तर बहुतेक वेळा मेहुणा.’